खऱ्या जरीचा माणूस

गेल्या गॅदरिंगला आमच्या हॉस्टेलने द्यूतप्रसंगावर एकांकिका केली होती, हे तुम्हाला आठवत असेलच. आठवत नसेल तर फारच बरं! त्या एकांकिकेच्या वेशभूषेचं खातं माझ्याकडे होतं. का, तर मी मोखाड्याचा. आमच्याकडे बोहाडा असतो, म्हणजे याला सोंगं सजवता येत असणार, असा मंडळाचा साधा हिशेब. मीही फुशारून हो म्हटलं. मिळालेले दोन हजार रुपये खिशात घालून ड्रेपरीवाल्याकडे गेलो आणि दुर्योधनाला मुकुट, भीमाला गदा, शकुनीला काळा अंगरखा असं सगळं भाड्याने उचलून आणलं. द्रौपदी करणारा आमचाच रूममेट. त्याच्यासाठी दुकानातली सर्वांत चकचकीत, टिकल्याटिकल्यांची साडी निवडली.

पडदा वर गेला, हॅलोजन लागले, आणि त्या साडीने अख्ख्या सभागृहावर असे काही कवडसे पाडले की मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. भर दरबारात एका बाईची विटंबना चाललीय आणि पब्लिक हसतंय! रूममेट बिचारा जीव तोडून बोलत होता. नंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मेहनतीवर पाणी पडलं ते माझ्या साडीमुळे, हे मलाही कळत होतं.

आमच्या वर्कशॉपचे एक सर जुन्या संगीत नाटकांचे शौकीन. त्यांनी माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि एवढंच सुचवलं, की बालगंधर्वांचं चरित्र वाच. वाचलं. मग आणखी वाचलं. हा लेख त्यातूनच झाला आहे.

बोहाड्यापासून सांगलीपर्यंत

पण आधी थोडं घरचं. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणी वाजते, मशाली पेटतात आणि रात्रभर एकेक सोंग नाचत येते. पहिला मान गणपतीचा, मग शारदा, मग पुराणातले देव, राक्षस, वीर. शेवटी जगदंबा येते आणि महिषासुराचा वध होतो. बहुतेक सोंगांचा मान ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. देवीचे सोंगही पुरुषच घेतो. तोंडावर लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा, आणि अंगावर? आमच्याकडे तरी घरात असेल ते. आईचे लुगडे, काकाचे धोतर. मुखवटाच इतके बोलतो की कपड्यांकडे कोणी बघत नाही.

मराठी रंगभूमीची सुरुवातही याच्या फार लांब नव्हती. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या नाटकांतही आधी गणपती, सरस्वती यायचे, आणि राक्षस लाल रंगाने तोंड माखून आरडाओरडा करत रंगमंचावर उड्या मारायचे. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगवले. संगीत नाटक आले आणि सगळे बदलले. आता चेहरा उघडा होता, गाणे होते, नाजूक भावना होत्या. मुखवटा गेला, तेव्हा त्याचे काम कपड्यांवर आणि नटाच्या देहबोलीवर आले. आणि घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही असा तो काळ असल्यामुळे शकुंतलाही पुरुषानेच व्हायचे. या नटांना स्त्रीपार्टी म्हणत. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी हे काम गाजवले. १९०१ साली ते गेले आणि मंडळीची नायिकाच हरपली.

नारायणाची शकुंतला

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणापासून गळा असा, की दहाएक वर्षांच्या या पोराचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. ते नाव आयुष्यभर चिकटले. कानाचे दुखणे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्या उपचाराची सोय मिरजेला करून दिली. गंमत बघा, ज्याला पुढे महाराष्ट्र कान देऊन ऐकणार होता, त्याचाच कान अधू! १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. गाण्याची पुढची तालीम भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूंकडे झाली.

आता आमच्या मेकॅनिकलच्या मित्राने तालमीत विचारलेला प्रश्न आठवा. महाभारतात नऊवारी होती का? नव्हतीच. शिवलेली चोळी, काष्टा, नाकात नथ, हे सगळे फार नंतरचे. मग आपल्या डोळ्यांसमोरची शकुंतला, रुक्मिणी, द्रौपदी नऊवारीत का दिसते? याचे एक उत्तर राजा रविवर्मा. मूळचा केरळचा हा चित्रकार. त्याने पुराणातल्या नायिकांना अनेकदा मराठी पद्धतीचे लुगडे नेसवले, आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यावर ती चित्रे घराघरांत भिंतीवर गेली. दुसरे उत्तर म्हणजे संगीत रंगभूमी, आणि तिथली सर्वांत ठसठशीत मूर्ती बालगंधर्वांची.

म्हणजे इतिहासाच्या कसोटीवर बालगंधर्वांची वेशभूषा नापासच. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. पुराणातली राजकन्या काय नेसत असेल, हा त्यांचा प्रश्न नव्हता. समोर बसलेल्या माणसाला ती राजकन्या वाटायला काय लागेल, हा होता. आणि त्याचे उत्तर त्यांनी काढले ते असे, की जे दिसायला भारी हवे ते मुळातच भारी असावे.

जर म्हणजे नेमके काय?

हे आपल्याला, म्हणजे इंजिनीअरिंगवाल्यांना, चटकन कळेल. अस्सल जर म्हणजे चांदीची तार. ती ओढत ओढत केसासारखी बारीक करायची, चपटी करायची, रेशमी धाग्याभोवती गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. आपण लॅबमध्ये शिकतो तेच वायर ड्रॉइंग! नकली जरीत चांदीऐवजी तांबे येते, आणि आजच्या स्वस्त जरीत तर प्लास्टिकची चमकती पट्टी. नऊवार म्हणजे नऊ यार्ड, सव्वाआठ मीटर कापड. त्याला खऱ्या जरीचे काठ-पदर आले की वजन येते. त्या वजनाने निऱ्या नीट पडतात, पदर जागच्या जागी राहतो. एवढे वजन अंगावर असलेली व्यक्ती धावपळ करूच शकत नाही. चाल आपोआप संथ होते, मान सावरून धरावी लागते. आमच्या टिकल्यांच्या साडीला वजनच नव्हतं. रूममेट वाऱ्यावर उडणाऱ्या ओढणीसारखी ती सांभाळत होता. वेश नटाला काय करायला लावतो, हा निम्मा अभिनय आहे, हे मला तेव्हा कुठे समजलं.

बालगंधर्वांनी भारी शालू, पैठण्या, शेले, गजरे, अत्तरे यांत कधी हात आखडला नाही. पदर कसा घ्यावा, केस कसे बांधावेत, त्यात फुले कशी माळावीत, हे ते जितक्या बारकाईने करत, तितक्याच बारकाईने प्रेक्षकांतल्या बायका बघत. आणि घरी जाऊन तसेच करत. सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया नेसण्याची ढब एका पुरुषाकडून उचलत होत्या. त्यांचे स्त्रीवेषातले फोटो घरोघर गेले. आज एखाद्या सिनेनटीची फॅशन येते ना, तशी, पण टीव्ही नाही, अशा काळात.

मानापमान

१२ मार्च १९११. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. नारायणराव भामिनी. आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तिकिटे विकली गेली होती, लोक आले होते. खेळ रद्द करायचा की नाही हा निर्णय त्यांचा होता, आणि त्यांनी तोंडाला रंग लावला. वय वर्षे बावीस. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत. त्या मायबापांना त्या रात्री भामिनीच दिसली, बाप दिसला नाही. हे योग्य की अयोग्य, यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझे मत सांगतो. मला ते कौतुकाने वाचवत नाही. भरजरी पदराखाली माणूस काय काय झाकू शकतो, याची मला भीतीच वाटली.

या नाटकाची गोष्टही कपड्यांचीच आहे. श्रीमंत घरची भामिनी, धैर्यधर नावाच्या गरीब पण शूर सेनापतीला नाकारते. तिच्यापुढे दुसरे स्थळ लक्ष्मीधराचे. तो दागिन्यांनी मढलेला आणि भित्रा. पुढे भामिनी वनमाला नावाने गरीब मुलीचा वेश घेते आणि त्या साध्या वेशात तिला धैर्यधराची खरी किंमत कळते. म्हणजे दागिने उतरले तेव्हा डोळे उघडले! खाडिलकरांनी हे लिहिले आणि ते लोकांपर्यंत पोहोचवले त्या काळातल्या सर्वांत नटलेल्या नटाने. हा विरोधाभास बालगंधर्वांच्या उरलेल्या आयुष्यावर पसरलेला आहे.

स्वतःची मंडळी, स्वतःचे कर्ज

१९१३ साली त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढची काही वर्षे नुसती नावे घेतली तरी पुरे. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'संशयकल्लोळ'मधली रेवती, दोन्ही १९१६ ची. १९१९ साली बडोद्याला 'एकच प्याला'. त्याचे लेखक राम गणेश गडकरी प्रयोग पाहायला राहिले नव्हते; त्याच वर्षी जानेवारीत ते गेले.

'एकच प्याला'तली सिंधू ही वेशभूषेच्या दृष्टीने खरी परीक्षा. ती चांगल्या घरातली. नवरा दारूपायी सगळे घालवतो आणि ती जात्यावर दळण दळायला बसते. इथे शालू, पैठणी काही कामाचे नव्हते. जुनेर लुगडे, मोकळे हात. प्रेक्षक ज्याला भरजरी वेशात पाहायला येत, तो नट दळण दळत बसला आणि थिएटर रडले. सिंधू ही त्यांच्या सर्वांत मोठ्या भूमिकांपैकी एक मानली जाते. म्हणजे खऱ्या जरीशिवायही त्यांना जमत होते. ते त्यांना स्वतःला कितपत पटले होते, कोण जाणे.

कारण पुढच्याच वर्षी, १९२० ला, 'द्रौपदी' आले. मयसभेचा देखावा उभारायला हजारोंनी पैसा ओतला गेला. दरबार, गालिचे, पोशाख, सगळे राजाला शोभेल असे. नाटक चालले, पण खर्चाच्या तुलनेत नाही. तोपर्यंत टेंबे आणि बोडस दोघेही वेगळे झाले होते. १९२१ च्या सुमारास नारायणराव मंडळीचे एकटे मालक झाले, ते मोठे कर्ज डोक्यावर घेऊन.

त्याच १९२१ सालची एक रात्र मात्र सांगायलाच हवी. ८ जुलैला मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श आणि गंधर्व मंडळी या एकमेकींच्या स्पर्धक. दोघांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र खेळ केला. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला होता, तरी गर्दी मावेना. स्वतः कर्जात असलेला माणूस त्या रात्री देशासाठी उभा राहिला. तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव वारले. वय अवघे एकतीस.

कर्जाचे काय झाले? नारायणरावांनी ते फेडले. दिवाळे काढून मोकळे होण्याचा रस्ता त्यांनी धरला नाही. नाटकांच्या उत्पन्नातून, वर्षानुवर्षे प्रयोग करून. पण फेडतानाही थाट कमी केला नाही! साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी, कादरबक्षांची सारंगी. आपले सर याला खराब प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतील, आणि ते चूक नाही. पण मला वाटते, लोकांनी पैसे दिलेत तर त्यांना खोटे काही द्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट होता. हट्ट चांगला होता, हिशेब नव्हता.

वेश उतरला

१९३१ ला 'आलम आरा'ने सिनेमा बोलू लागला. पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे पडद्यावर आल्या. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. स्त्रीपार्टीचा काळ संपत आला होता. बालगंधर्व प्रभातमध्ये गेले. १९३५ च्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले. पुरुषवेषातले बालगंधर्व! लोकांना पचले नाहीत. आयुष्यभर ज्या वेशाने त्यांना मोठे केले, तो उतरवल्यावर प्रेक्षक त्यांना ओळखायला तयार नव्हते. १९३७ ला ते पडद्यावर मीराबाई झाले, पण कॅमेऱ्याला पन्नाशीकडे झुकलेला पुरुष दिसतोच. रंगमंचावर दहा-पंधरा फुटांचे अंतर आणि गाण्याची जादू जे झाकत होती, ते जवळून झाकले गेले नाही.

ते पुन्हा रंगभूमीवर आले. १९३८ ला गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या नायिका होत आणि नारायणराव पुरुषभूमिका करत. पहिली पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या. पुढे १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी लग्न केले. यावरून समाजाने, जुन्या चाहत्यांनीही, त्यांना खूप बोल लावले. म्हातारपणी पाय गेले, पैसा गेला. १९५५ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ ला पद्मभूषण. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते वारले.

पुण्यातले बालगंधर्व रंगमंदिर तुम्ही पाहिले असेल. त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ ला, त्याचे उद्घाटन झाले. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन चित्रे आहेत. एकात ते पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीवेषात. कोणते खरे? मला वाटते, दोन्ही, आणि शेजारी-शेजारी असतील तरच.

'मानापमान'ला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, २०११ ला, 'बालगंधर्व' हा चित्रपट आला. त्यातल्या वेशभूषेसाठी नीता लुल्लांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्याने पुराणकाळ आपल्या काळाच्या कपड्यांत दाखवला, त्याचा काळ दाखवणे हेच आता अभ्यासाचे काम झाले.

आणि आमचे नाटक

आता मुद्द्यावर येतो. चरित्र वाचून झाल्यावर मी पुन्हा द्यूतप्रसंगाकडे गेलो, आणि कपाळावर हात मारला. महाभारतात द्रौपदीला सभेत ओढून आणतात तेव्हा ती एकवस्त्रा असते! अंगावर एकच वस्त्र, केस मोकळे. अलंकार घालायची ती वेळच नव्हती. म्हणजे टिकल्यांची साडी नुसती वाईट नव्हती, ती चूक होती. नाटक नीट वाचलं असतं, तर भाड्याचे पैसेही वाचले असते आणि रूममेटची इज्जतही.

यंदा तीच एकांकिका पुन्हा करायची असं आम्ही ठरवलंय. रूममेटने बऱ्याच आढेवेढ्यांनंतर हो म्हटलंय. सुट्टीत मोखाड्याला गेलो होतो, तेव्हा आजीकडे तिचं एक जुनं सुती लुगडं मागितलं. बोहाड्याला जगदंबेच्या सोंगासाठी कधीकधी हेच जातं, असं ती म्हणाली, आणि धुऊन, घडी घालून दिलं. धुवून धुवून विटलेलं आहे, पण कापड जाड आहे आणि पडतं छान. दोन हजारांतले उरलेले पैसे या वेळी लाइटवाल्याला देणार आहोत. शिट्ट्या आल्याच तर पुन्हा चरित्र वाचायला घेईन, दुसऱ्या कोणाचं तरी!